वीतभर पिकअप



या सदरात आपण बहुधा बी-बियाणे, खते, कीड-रोग यांविषयी बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. घराच्या अंगणात उभी असलेली पिकअप गाडी मापून तिचे वीतभर लांबीचे हुबेहूब मॉडेल घरच्या घरी कसे करावे, ते आज पाहू. “साहेब, हा कसला पोरखेळ काढलात?” असे एखादे आजोबा विचारतील. त्यांना माझी विनंती एवढीच, की लेख शेवटपर्यंत वाचून घ्यावा. हा छंद मुलांना गोडी लावतो, मोजमापाची सवय लावतो आणि खऱ्या गाडीत माल किती आणि कसा भरावा हेही डोळ्यांनी दाखवतो. त्यामुळे तो मोठ्यांच्याही कामाचा आहे.

खेळणे वेगळे, मॉडेल वेगळे

खेळातल्या गाड्या आपल्या खेड्यांना नव्या नाहीत. ज्वारी काढून झाली की धाटाच्या गाभ्याची आणि सालपटांची बैलगाडी मुले करतात. पोळ्याला मातीचे बैल होतात. जुन्या रबरी चपलेची चाके कापून तारेची गाडी गावभर पळवलेली तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. ही सगळी खेळणी. त्यांत चाक थोडे मोठे झाले, जू थोडे आखूड झाले, तरी बिघडत नाही.

मॉडेलात ते चालत नाही. मॉडेल म्हणजे खऱ्या वस्तूची प्रत्येक बाजू एकाच हिशेबाने लहान केलेली प्रतिकृती. या हिशेबाला प्रमाण म्हणतात. तलाठ्याकडचा गावनकाशा आठवा. तो ठरलेल्या प्रमाणात काढलेला असतो, म्हणूनच त्यावर पट्टी ठेवून बांधाची लांबी काढता येते. मॉडेलाचेही तसेच. १:२० असे प्रमाण लिहिले, की खऱ्या गाडीवरचे २० सेंटिमीटर म्हणजे मॉडेलावरचा १ सेंटिमीटर.

हा छंद जगात अनेक देशांत आहे आणि शेतकऱ्यांच्या घरांतही आहे. अमेरिकेच्या आयोवा राज्यात मक्याची मोठी शेती होते. तिथे डब्यूक या गावी १९४५ साली फ्रेड अर्टल नावाच्या ओतकाम करणाऱ्या कारागिराने आपल्या घरी ॲल्युमिनियम वितळवून खेळातले ट्रॅक्टर ओतायला सुरुवात केली. घरच्याच मंडळींना हाताशी घेऊन सुरू झालेला हा धंदा वाढला आणि १९५९ साली जवळच्या डायर्सव्हिल गावी गेला. तिथे १९८६ सालापासून शेतीच्या खेळण्यांचे एक राष्ट्रीय संग्रहालयच आहे. त्या भागात ट्रॅक्टरची मॉडेले १:१६ आणि १:६४ या प्रमाणांत अधिक दिसतात. मोटारी आणि पिकअप गाड्यांचे जोडायचे प्लॅस्टिकचे संच मात्र तिथे १:२५ किंवा १:२४ या प्रमाणात मिळतात. १:२४ म्हणजे अर्ध्या इंचाला एक फूट, हे फूट-इंचात मोजणाऱ्यांच्या लगेच लक्षात येईल.

पिकअप गाडीचा जन्मही शेतकऱ्यांच्याच गरजेतून झाला. मोटारीचा मागचा भाग काढून तिथे लाकडी हौदा बसवायचा, ही युक्ती तिकडचे शेतकरी आणि गावचे सुतार-लोहार आधीपासून करत होते. १९२५ साली फोर्ड कंपनीने आपल्या मॉडेल टी गाडीला कारखान्यातच हौदा बसवून ती २८१ डॉलरला विकायला काढली. आपल्याकडे जीपला मागे हौदा जोडलेल्या गाड्या आल्या, पुढे मोठे पिकअप आले आणि २००५ साली टाटा एस, म्हणजे आपला ‘छोटा हाथी’ आला. आज भाजी, कांदा, दूध, जनावरांचा चारा, सगळे याच गाड्यांवर चालते. म्हणून मॉडेल करायचे तर आपल्या ओळखीच्या गाडीचे करावे. संच विकत आणण्याची गरज नाही. पुठ्ठा, डिंक आणि चिकाटी एवढ्यावर ते होते.

आधी मापे

पहिला दिवस नुसत्या मापांचा. घरची गाडी नसेल तर शेजाऱ्याची विचारून घ्या. गाडी सपाट जागी उभी करा, इंजिन बंद, हातब्रेक ओढलेला, किल्ली काढलेली आणि चाकांना दगड लावलेले, अशी सगळी काळजी घेऊन मगच मुलांना टेप द्या. दोघांनी मापावे आणि तिसऱ्याने वहीत लिहावे.

ही मापे अवश्य घ्या: एकूण लांबी, रुंदी, उंची. पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. डाव्या चाकाच्या मध्यापासून उजव्या चाकाच्या मध्यापर्यंतचे अंतर. चाकाचा व्यास आणि टायरची रुंदी. हौद्याची आतली लांबी-रुंदी, फाळक्याची उंची आणि हौद्याचा तळ जमिनीपासून किती वर आहे ते. केबिनची लांबी, काचेचा कल, दाराची रुंदी. उभी मापे घेताना गवंड्याचा ओळंबा वापरा, म्हणजे टेप तिरकी धरली जाणार नाही.

एक उदाहरण घेऊ. ही मापे नमुन्यापुरती आहेत, तुम्ही आपल्या गाडीचीच घ्यावीत. समजा गाडी ४.८० मीटर लांब आहे. १:२० प्रमाणात मॉडेल २४ सेंटिमीटर होईल, म्हणजे मोठ्या माणसाची जेमतेम एक वीत. रुंदी १.७० मीटर असेल तर साडेआठ सेंटिमीटर. पुढच्या-मागच्या चाकांतले अंतर ३ मीटर, तर मॉडेलात १५ सेंटिमीटर. डाव्या-उजव्या चाकांतले १.४० मीटर, तर ७ सेंटिमीटर. चाक ७० सेंटिमीटर, तर साडेतीन सेंटिमीटर. हिशेब सोपा आहे. सेंटिमीटरमधल्या मापाला २० ने भागा, किंवा निम्मे करून एक दशांश चिन्ह मागे घ्या.

चौथी-पाचवीतल्या मुलाला भागाकार आणि दशांश यांची भीती वाटते. इथे तोच भागाकार चुकला तर केबिन हौद्यावर बसत नाही, हे त्याला लगेच दिसते. मग तो आपणहून पुन्हा गणित करतो. मास्तरांना छडी उगारावी लागत नाही.

मापे झाली की आलेख कागदावर तीन चित्रे काढा: गाडी बाजूने, समोरून आणि वरून. आलेख कागदाचा एक लहान घर म्हणजे १ मिलिमीटर, म्हणजे खऱ्या गाडीवरचे २ सेंटिमीटर. तिन्ही चित्रांत एकच माप सारखे आले पाहिजे. बाजूच्या चित्रात उंची ९ सेंटिमीटर आणि समोरच्या चित्रात साडेनऊ, असे झाले तर पुन्हा गाडीकडे जा आणि टेप लावा.

साहित्य घरातलेच

लग्नपत्रिकांचा जाड कागद केबिनसाठी आणि दारांसाठी फार चांगला. हौदा आणि चासी यांसाठी खोक्याचा पुठ्ठा घ्या. मिठाईच्या डब्याचे पारदर्शक झाकण खिडक्यांच्या काचांना चालते. आसासाठी जुन्या सायकलचा स्पोक. चाकासाठी पाण्याच्या बाटलीचे बूच. ते साधारण ३ सेंटिमीटर व्यासाचे असते. त्यावर जुन्या सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून दोन वेढे चिकटवले, की चाक साडेतीन सेंटिमीटरच्या आसपास येते. चार चाके आणि एक स्टेपनी, अशी पाच बुचे गोळा करा.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. कीटकनाशकाच्या किंवा तणनाशकाच्या बाटलीचे बूच, मापाचे टोपण, डबा किंवा पिशवी या कामाला कदापि घेऊ नका. कितीही धुतली तरी ती वस्तू मुलांच्या हातात द्यायची नाही. रंग आवडला, आकार जमला, म्हणून मूल उकिरड्यावरून असे बूच उचलून आणेल. त्याला आधीच बजावून ठेवा. औषधाच्या रिकाम्या बाटल्या मुलांच्या हाती लागतील अशा पडलेल्याच असता कामा नयेत.

चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल घ्या, नाहीतर मैद्याची खळ शिजवा. खळीला झुरळे आणि उंदीर लागतात, म्हणून पूर्वी पुस्तक बांधणारे तिच्यात चिमूटभर मोरचूद घालत. मोरचूद विषारी असते. लहान मुले हाताळणार असतील तर ते न घालता साधी खळ वापरावी आणि उरलेली त्याच दिवशी टाकून द्यावी. पाते मोठ्यांनी चालवावे, मुलांनी कात्री चालवावी. पुठ्ठा वाकवायचा असेल तिथे आधी पट्टी धरून बोथट टोकाने रेघ ओढा, मग दुमडा. कड सरळ येते.

जोडणी

सुरुवात चासीपासून करा. पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, शिडीसारख्या. पुठ्ठा एकेरी ठेवू नका, दोन-तीन थर चिकटवून वजनाखाली रात्रभर दाबून ठेवा. खऱ्या पिकअपची चासीही अशीच शिडीच्या आकाराची असते. मुलांना गाडीखाली डोकावून दाखवा, पण गाडी जॅकवर उचलून नव्हे.

आस फिरण्यासाठी नळी लागते. स्पोकला थोडे तेल लावा, त्यावर कागदाची पट्टी गुंडाळत चिकटवत जा आणि वाळत आली की स्पोक ओढून काढा. नळी तयार. ती चासीला आडवी चिकटवा. चासी आणि नळी यांच्यामध्ये पाटे येतात. प्लॅस्टिकच्या डब्याच्या झाकणाच्या पातळ पट्ट्या, एकापेक्षा एक आखूड, एकावर एक ठेवून दोऱ्याने बांधल्या की पाटे होतात. माल भरल्यावर गाडीचे पाटे दबतात हे तुम्ही रोज पाहता. मॉडेलातही ते थोडे दबले पाहिजेत.

मग हौदा. तळ, दोन बाजू, केबिनकडची भिंत आणि मागचा फाळका. फाळका कापडाच्या पट्टीच्या बिजागरीवर बसवा, म्हणजे तो खाली पडेल आणि वर येईल. शेवटी केबिन. ती सगळ्यांत अवघड, कारण काच, छप्पर आणि बोनेट यांचे कल वेगवेगळे. आधी साध्या वर्तमानपत्राच्या कागदाची केबिन करून पाहा, बसते का तपासा, मगच पत्रिका कापा. शिवणकाम करणाऱ्या ताई पोलक्याचे कापड कापण्याआधी कागदाचा नमुना करतात, तसेच हे.

बारीकसारीक काम

गाडी उभी राहिली की मॉडेल निम्मे झाले. पुढचे काम सावकाश करायचे. इथे घरातल्या सगळ्यांचा हात लागतो.

दिव्यांसाठी गोळ्यांच्या रिकाम्या पाकिटातला पारदर्शक फुगा कापून घ्या आणि त्याच पाकिटाची चंदेरी चकती त्याच्या मागे लावा. आरसेही त्याच चंदेरी पत्र्याचे. हौद्याच्या कडेला दोरी बांधायचे आकडे असतात. जळालेल्या पंपाच्या मोटारीची तांब्याची बारीक तार त्याला उत्तम. दोरखंडासाठी सुतळीचा एक पदर उसवून घ्या. दोन सेंटिमीटर जाड दोर मॉडेलात १ मिलिमीटरचा झाला पाहिजे. पुष्कळ जण इथेच घसरतात. गाडी प्रमाणात, पण दोर मात्र मनगटाएवढा जाड. ताडपत्रीसाठी जुन्या छत्रीचे काळे कापड घ्या. नंबरची पाटी भाड्याच्या मालवाहू गाडीला पिवळी आणि तिच्यावर अक्षरे काळी, हे विसरू नका.

भाजीची प्लॅस्टिक क्रेट समजा ५४ सेंटिमीटर लांब, ३६ रुंद आणि २९ उंच आहे. मॉडेलात ती २.७, १.८ आणि साधारण दीड सेंटिमीटरची होईल. कांद्याच्या पोत्यांचे काम आजीकडे द्या. गोधडीच्या ठिगळांतून उरलेल्या तुकड्यांची साडेचार सेंटिमीटर लांब पोती शिवून त्यांत नाचणी आणि थोडा भुसा भरला, की अगदी भरल्या गोणीसारखी दिसतात.

रंग पोस्टरचा चालेल. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्या. पहिला पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा देऊ नका. टायरला कुळकुळीत काळा रंग देऊ नये. त्यात थोडा पांढरा मिसळून करडा करा. लहान वस्तूवर गडद रंग अधिकच गडद भासतो.

आता गाडी नवी कोरी दिसते, पण आपल्या वाड्या-वस्त्यांवर कोरी गाडी असते कुठे? चाळलेली तांबडी माती पातळ डिंकात कालवून चाकांच्या वरच्या बाजूला आणि मडगार्डखाली टिपून लावा. गेरूचा हलका हात जिथे पत्रा घासतो तिथे, म्हणजे फाळक्याच्या कडेला आणि हौद्याच्या तळाला. कुठे किती लावायचे ते अंदाजाने ठरवू नका, खऱ्या गाडीपाशी जाऊन बघा. चिखल वर कुठपर्यंत उडतो, रंग कुठे आधी उडतो, गंज कुठून सुरू होतो, हे मुलांना शोधू द्या. आमच्या कामात कपाशीच्या पानाची खालची बाजू उलटून पाहायला शिकवावे लागते. ज्याला बारीक पाहायची सवय लागली त्याला तुडतुडा आणि मावा वेगळा सांगावा लागत नाही.

वजनाचा हिशेब

आता मुख्य गोष्ट. लांबी २० पट कमी केली, तर वजन किती पट कमी होते? मुले पटकन म्हणतील, २० पट. तसे नाही. गाडी लांबीत २० पट, रुंदीत २० पट आणि उंचीतही २० पट लहान झाली. म्हणून आकारमान २० गुणिले २० गुणिले २०, म्हणजे ८,००० पट कमी झाले. वजनही त्याच हिशेबाने धरायचे.

गाडीच्या आर.सी.वर रिकाम्या गाडीचे वजन आणि मालासकट कमाल वजन, असे दोन आकडे असतात. घरातल्या किती जणांनी ते वाचले आहेत? मॉडेलाच्या निमित्ताने कागद बाहेर काढा. समजा रिकामी गाडी १,६०० किलो आणि मालासकट २,८०० किलो. म्हणजे माल १,२०० किलो. ८,००० ने भागले की मॉडेलाचे रिकामे वजन २०० ग्रॅम आणि माल १५० ग्रॅम. पुठ्ठ्याची गाडी हलकी होते, म्हणून चासीखाली नटबोल्ट बांधून ती २०० ग्रॅम भरेल असे करा. थोडे बोल्ट पुढे इंजिनच्या जागी असू द्या. वजन किराणा दुकानाच्या काट्यावर करता येईल. ५० किलोची कांद्याची गोणी म्हणजे सव्वासहा ग्रॅम. अशा २४ गोण्या झाल्या की गाडीची मर्यादा संपली.

आता एक लाकडी फळी घ्या. तिच्यावर मॉडेल आडवे उभे करा, म्हणजे दोन्ही चाके एका बाजूला खाली आणि दोन वर येतील असे. खालच्या चाकांना एक पातळ पट्टी खिळ्याने ठोकून अडवा, म्हणजे गाडी घसरणार नाही. पोती आणि क्रेट दोऱ्याने पक्की बांधा. मग फळीची एक कड हळूहळू उचला आणि गाडी कलंडू लागते त्या क्षणी कड जमिनीपासून किती उंच आहे ते पट्टीने मोजून लिहा. गाडी हाताने झेला, पुढच्या प्रयोगाला लागेल.

प्रयोग तीन वेळा करा. पहिल्यांदा २४ गोण्या हौद्यात सपाट पसरून. दुसऱ्यांदा ४० गोण्या, म्हणजे दोन टन, एकावर एक उंच रचून. तिसऱ्यांदा २४ गोण्या आणि त्यांच्यावर दहा माणसे. ६० किलोचा माणूस मॉडेलात साडेसात ग्रॅमचा होतो. कागदाच्या लगद्याच्या दहा बाहुल्या करून काट्यावर तेवढ्याच भरतील अशा बेताच्या ठेवा. तुमचे आकडे गाडीप्रमाणे वेगळे येतील. उंच रचलेली गाडी सपाट भरलेल्या गाडीच्या कितीतरी आधी कलंडेल, आणि सपाट भरलेल्या गाडीवर माणसे बसवली की तीही लवकर तोल सोडेल.

याचे कारण सोपे आहे. गाडी कधी उलटेल हे दोन गोष्टींवर ठरते: डाव्या-उजव्या चाकांतल्या अंतराचा निम्मा भाग, आणि गाडी-मालाच्या एकूण वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे ते. पहिली गोष्ट कारखान्याने ठरवलेली, ती आपल्या हातात नाही. दुसरी आपण माल रचताना ठरवतो.

मॉडेल कुठे खरे, कुठे खोटे

“पुठ्ठ्याची गाडी आणि लोखंडाची गाडी एक कशी?” हा प्रश्न रास्त आहे. तोलाच्या बाबतीत मॉडेल खरे बोलते. चाकांतले अंतर २० पट कमी झाले आणि वजनाच्या मध्याची उंचीही २० पटच कमी झाली, म्हणून दोहोंचे गुणोत्तर जसेच्या तसे राहिले. खरी गाडी उलट मॉडेलाच्या आधीच उलटेल. तिचे पाटे आणि टायर एका बाजूला जास्त दबतात, ती वळणावर वेगात असते आणि आपल्या रस्त्यांना खड्डे असतात. फळीवर यांतले फारसे काही नसते.

मजबुतीच्या बाबतीत मात्र मॉडेल फसवते. वजन ८,००० पट कमी होते, पण ते पेलणाऱ्या पट्टीचा छेद लांबी-रुंदीने फक्त ४०० पट कमी होतो. म्हणून लहान वस्तू आपल्या आकाराच्या मानाने फार बळकट वाटते. मुंगी आपल्यापेक्षा जड दाणा सहज नेते, त्यामागेही हेच कारण आहे. गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात हा नियम मांडला होता. तेव्हा “माझ्या मॉडेलावर अर्धा किलो ठेवला तरी आस वाकला नाही” असे मुलगा म्हणाला, तर त्याला नीट समजावून सांगा, की खऱ्या आसाबद्दल त्यातून काहीच कळत नाही. खऱ्या गाडीची ताकद किती हे आर.सी.वर लिहिलेलेच धरायचे.

विस्ताराच्या नोकरीत मी गावोगाव फिरलो. कांद्याच्या, द्राक्षांच्या, टोमॅटोच्या हंगामात रस्त्याच्या कडेला कलंडलेला पिकअप आणि विखुरलेला माल अनेकदा पाहिला आहे. माल परत पिकवता येतो. पण निंदणीहून, खुरपणीहून, लग्नाहून परतताना मालावर बसवलेल्या बाया-माणसांचे काय? मालवाहू गाडी ही प्रवासी गाडी नव्हे. मोटार वाहन कायद्याने तिच्यात प्रवासी भरून नेण्यास मनाई आहे, आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईतही त्याच कारणाने अडचण येते. आपण सगळे हे जाणतो, तरी “एवढ्या जवळ तर जायचे आहे” म्हणून चढतो आणि चढवतो. अधिकाऱ्याने भाषणात सांगितले तर ते कानावरून जाते. आपल्या मुलीने आपल्याच गाडीचे मॉडेल फळीवर ठेवून दहा बाहुल्यांसकट कलंडवून दाखवले, तर बाप एकदा तरी विचार करील, असा माझा विश्वास आहे.

म्हणून हे मॉडेल करताना मोठ्यांनी बाजूला बसू नये. मुलांनी मापावे, आईने हिशेब तपासावा, आजीने पोती शिवावीत आणि बापाने आर.सी.वरचे आकडे वाचून दाखवावेत. घाईने तीन दिवसांत उरकण्यापेक्षा रोज संध्याकाळी तासभर, असे दोन-तीन आठवडे द्या. तेवढा वेळ मोबाइल फडताळात राहिला तर कोणाचे काही अडत नाही.

मॉडेल पूर्ण झाले की ते शोभेचे म्हणून काचेच्या कपाटात ठेवून देऊ नका. फळी आणि पोती यांच्यासह शाळेत न्या, मास्तरांना सांगून वर्गात प्रयोग करून दाखवा. सोसायटीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत न्या. आणि पुढच्या वेळी घरची गाडी मंडईला निघेल, तेव्हा जड गोण्या तळाला, हलक्या क्रेट वर, माल हौद्यात सारखा पसरलेला, दोर आवळलेला आणि हौद्यात एकही माणूस नाही, एवढे गाडी सुरू करण्याआधी एकदा सभोवार फिरून पाहून घ्या.